आधी हे बघा

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

नाव छापू नका म्हणालात, म्हणून नुसतंच काका. आभार मात्र चारचौघांतच मानायचे आहेत.

तुमच्याकडे तपासायला चार टपाल तिकिटं पाठवली होती, परतीच्या पाकिटात पाच निघाली. पाचवं तुमचं होतं. 1929च्या हवाई टपाल मालिकेतलं, वापरलेलं, शिक्क्यानं अर्धं काळवंडलेलं आणि एका कोपऱ्याचा दात गेलेला. बाजारात त्याला कुणी चहाचे पैसेही देणार नाही. त्याच्यावर ट्रेसिंग कागदाची चिठ्ठी, चित्रातल्या झाडाच्या शेंड्याकडे रोखलेला पेन्सिलीचा एक बाण आणि तीन शब्द: ‘आधी हे बघा.’

या मालिकेत शेंडा गळालेलं झाड ही नावाजलेली व्हरायटी, म्हणजे छपाईतला ठरावीक दोष आहे. शीटवर ठरलेल्या जागीच ती येते. मी पाठवलेल्या चारांपैकी पहिल्या तिकिटाला ‘शेंडा नाही, दुर्मीळ आहे’ असा दाखला आधीच मिळालेला होता. देणाऱ्यानं भिंगही न लावता दिला होता आणि भाव मात्र लगेच सांगितला होता. तुम्ही निकाल दिलाच नाहीत. धडधाकट शेंड्याचं एक साधं तिकीट शेजारी ठेवलंत आणि उजेड तिरपा पाडून बघायला सांगितलंत. दहापट भिंगाखाली, बाजूनं विजेरी धरली की गोष्ट उघडी पडते. छपाईत सुटलेल्या जागी कागद आजूबाजूसारखाच गुळगुळीत असतो. खरवडलेल्या जागी तंतू उभे राहतात, कागद पातळ पडतो, आणि उजेडासमोर धरला की तिथून जास्त प्रकाश येतो. इथला शेंडा गळाला नव्हता, कुणीतरी तो ब्लेडनं उडवला होता.

तीन शब्द आणि एक मोडकं तिकीट. कुणाला सांगितलं तर हसतील. पण निर्दोष तिकीट डोळ्यांत बसल्याशिवाय दोष दिसत नाही, ही गोष्ट आजवर एकाही जाणकारानं सांगितली नव्हती.

बाकीच्या तीन तिकिटांसोबत तुम्ही जे लिहून पाठवलंत ते इथं उतरवतो, म्हणजे इतरांचाही फायदा होईल.

तिकीट कोणत्या पद्धतीनं छापलंय हे आधी ठरवायचं, मग दोषाकडे वळायचं. कोरीव प्लेटवरची शाई बोटाला किंचित उंच लागते. लेटरप्रेसमध्ये, म्हणजे उठावाच्या ठशानं छापताना, शाई दाबानं कडेला सरकते, म्हणून अक्षराला गडद किनार येते आणि मागच्या बाजूला उठाव जाणवतो. लिथोची, म्हणजे सपाट प्लेटवरची छपाई सपाट असते. फोटोग्रॅव्ह्युअरमध्ये, म्हणजे खाचांच्या सिलिंडरवरून छापलेल्या तिकिटात, भिंगाखाली बारीक जाळी दिसते आणि अक्षरांच्या कडा दातेरी वाटतात. ओरखड्याचा रंगही यावरूनच ठरतो. लेटरप्रेसच्या ठशाला खोक पडली की तेवढा भाग शाई घेत नाही, म्हणून ओरखडा पांढरा उमटतो. कोरीव प्लेट किंवा ग्रॅव्ह्युअरचा सिलिंडर ओरखडला तर त्या खाचेत शाई भरते आणि रेघ रंगीत येते. लेटरप्रेसच्या तिकिटावर बारीक रंगीत केसासारखी रेघ दाखवून कुणी ‘प्लेटला तडा’ म्हणालं, तर आधी त्याच्याकडे संशयानं बघायचं.

दुसऱ्या तिकिटावर पांढरं कडं आणि मधोमध रंगाचा ठिपका होता. त्यालाही थोर नाव दिलं गेलं होतं. ती धूळ निघाली. कागदाचा कण किंवा वाळलेल्या शाईची साल प्लेटवर चिकटते, कण स्वतः छापला जातो आणि त्याच्याभोवती कागद टेकत नाही. थोड्या शीटनंतर कण निघून जातो किंवा जागा बदलतो. टिकाऊ व्हरायटी म्हणायची तर तोच दोष, त्याच जागी, किमान दुसऱ्या एका नगावर सापडायला हवा. शीटची कडा किंवा जोडलेल्या तिकिटांचा ब्लॉक हाती असेल तर आडवी ओळ आणि उभी रांगही मोजता येते. शिक्क्यावरच्या तारखा लावत गेलं तर दोष कधी आला आणि कधी दुरुस्त झाला, हेही थोडंफार कळतं.

तिसरं 1949च्या पुरातत्त्व मालिकेतलं एक आण्याचं बोधिसत्त्व. मूर्तीची डावी-उजवी बाजू बदललेली, आणि ‘एरर’ म्हणून चढ्या भावानं विकलेलं. नाशिकला त्या वेळी छापलेली ही एक आण्याची सगळीच तिकिटं तशी आहेत. 1950 मध्ये मूर्ती सरळ करून तिकीट पुन्हा काढलं. चूक चित्रात होती, छपाई बिनचूक झाली होती. म्हणून ते ढिगानं मिळतं. 1854च्या चार आण्याच्या तिकिटाशी त्याची तुलना करणाऱ्यांनी एवढं तरी बघावं की तिथं लाल चौकट आणि राणीचं निळं डोकं वेगवेगळे छापले जायचे, म्हणूनच डोकं उलटं पडू शकलं. एकाच दाबात, एकाच रंगात छापलेल्या तिकिटात चौकट सरळ आणि डोकं उलटं असं होणारच नाही.

‘रंग गायब’, म्हणजे एखादा रंग छापायचाच राहिलेल्या तिकिटाबद्दलची तुमची ओळ तर मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली: एक टिंबही उरलं असेल तर गायब म्हणायचं नाही. ऊन आणि रसायनं रंग खातात, आणि खाल्ल्यावर कुठे ना कुठे उष्टं ठेवतात. बिनछिद्रांच्या सुट्या तिकिटालाही तोच न्याय. दात कापून रुंद कडा दाखवता येते, म्हणून दोन तिकिटांची न सुटलेली जोडी असल्याशिवाय विश्वास ठेवू नये. मापात छिद्रं किती बसतात ते दोन सेंटिमीटरवर, आडवं आधी आणि उभं नंतर असं मोजायचं. कागदातली पाणछाप, म्हणजे वॉटरमार्क, बघायला काळ्या तबकडीत तिकीट पालथं घालून लायटरच्या बेंझिनचे दोन थेंब पुरतात. अर्थात आसपास ज्योत नसावी, आणि फोटोग्रॅव्ह्युअरचं तिकीट असेल तर बाटलीला हातच लावू नये, कारण काही शाया त्यात विरघळतात.

तुम्ही शुल्क घेतलं नाहीत. विकत घ्यायची घाईही केली नाहीत. मी खोटं तिकीट खरं समजून पाठवलं याबद्दल एक तिरकस शब्दही नाही. ज्ञान असलेली माणसं भेटतात, पण समोरच्याला लाज न वाटू देता चूक दाखवणारी फार थोडी.

चौथं तिकीट अजून अडलं आहे. अक्षरांच्या खालची दुहेरी रेघ तुम्हाला छपाईयंत्रातलं रबर सैल झाल्यामुळे आलेली वाटते, कारण सावली सगळीकडे एकाच दिशेला आहे. तळातल्या एका अंकाची सावली मात्र मला उलट बाजूला दिसते. तुम्ही सांगितलंत तसं दुसरा नग शोधतोय. तोवर ते ‘अजून ठरायचं’ या पानावर, आणि त्याच्या शेजारी तुमचं दात पडलेलं तिकीट, चिठ्ठीसकट.

आपला नम्र,
एक संग्राहक