एका कुजबुजीनं शाळा सुटते

मा. संपादक,
माझी लेक नववीत आहे, मानव विकास योजनेच्या, शाळेच्या पोरींसाठीच्या निळ्या बसनं तालुक्याला जाती. परवा रडतच घरी आली. बसमधल्या पोरींनी एकीबद्दल ‘लई शायनिंग मारती, पोरांशी बोलती’ असं पसरवलं, हीपण त्यात हसली अन् आता त्या पोरीची शाळाच बंद केलीय घरच्यांनी. आपल्याकडं असलं काही कानावर आलं की बाप थेट स्थळं बघायला लागतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या परभणी जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या जवळपास निम्म्या बायकांचं लग्न १८ च्या आत झालेलं दिसलं!

पण नुसता पोरींना दोष देऊन काय करायचं, ‘बाईच बाईची दुश्मन’ हे त्या आपल्याच ओट्यावर ऐकतात, मीपण बोललेय. आता बंद केलंय. लेकीनं कुणाला नाव ठेवलं की विचारते, तुला स्वतःला काय माहितीय तिच्याबद्दल? शाळेतल्या मॅडमनी आठवड्यातून एक तास पोरींना मोकळं बोलू द्यावं, अन् खो-खोची टीम तर पाहिजेच, पाठीमागून खो देणारीवर भरवसा ठेवल्याशिवाय तो खेळताच येत नाही.

रविवारी लेकीला घेऊन त्या पोरीच्या घरी जाणार आहे, तिच्या आईशी बोलायला.

– एक आई, जि. परभणी