ओंटारियोतल्या वकील ताईंना, आम्हा एलएलबीवाल्यांकडून

आदरणीय ताई,

सा. न. वि. वि.

महाराष्ट्रात एलएलबी करून कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात आलेल्या आणि इथे वकिलीचा परवाना मिळवू पाहणाऱ्या आम्हा सगळ्यांतर्फे हे पत्र. जाहीर लिहितोय, म्हणजे तुम्ही सांगितलेलं मागून येणाऱ्यांनाही वाचता येईल आणि तुमच्या फोनला जरा विश्रांती मिळेल.

पहिले आभार कागदपत्रांसाठी. ‘विमानात बसायच्या आधी कागद लावा’ हे तुमचं पालुपद. पीआरसाठी, म्हणजे कायम वास्तव्यासाठी, केलेला डब्ल्यूईएसचा (परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थेचा) अहवाल वकिलीसाठी उपयोगाचा नाही; कायद्याची पदवी तपासते ती एनसीए ही वेगळी राष्ट्रीय समिती, आणि तिला सगळं स्वतंत्र लागतं. साक्षांकित झेरॉक्स चालत नाहीत. ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे गुणांचा अधिकृत तपशील, विद्यापीठाकडून थेट जावं लागतं आणि वकिलीची सनद असेल तर बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडून गुड स्टँडिंगचं (सनद विनातक्रार चालू असल्याचं) प्रमाणपत्रही. गाडी अडते ती बहुतेक वेळा नावावर: गुणपत्रिकेवर माहेरचं, सनदेवर सासरचं, पासपोर्टवर तिसरंच स्पेलिंग. म्हणून तुम्ही आधी लग्नाचा दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र शोधायला लावता आणि मगच अर्ज भरू देता. क्वेबेकचा विचार असेल तर हा मार्गच नाही, तिथला दिवाणी कायदा आणि प्रवेश दोन्ही निराळे, हेही तुम्ही सुरुवातीलाच बजावता.

एनसीएच्या परीक्षेत कॅनडाच्या कायद्याचे पाच विषय कुणालाच चुकत नाहीत: घटना, प्रशासकीय कायदा, फौजदारी, कायद्याची पायाभरणी आणि व्यावसायिक आचारसंहिता. त्यावर आणखी काय, ते एनसीए पदवी बघून ठरवते. परीक्षा तीन तासांची, ओपन बुक, पास ५० टक्क्यांना. ऐकायला सोपं. पण आपण विद्यापीठाच्या सवयीने आठवतं ते सगळं ओततो आणि नापास होतो. प्रशासकीय कायद्याचं तुम्ही दिलेलं उदाहरण आमच्यातल्या प्रत्येकाला पाठ आहे. नैसर्गिक न्यायाचा, म्हणजे निर्णयाआधी बाजू ऐकून घेण्याचा, प्रश्न आला की आपली लेखणी भारतातल्या ‘मनेका गांधी’ खटल्याकडे धावते. इथे कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९९ च्या ‘बेकर’ खटल्यातले, कार्यपद्धती किती न्याय्य हवी ते ठरवणारे पाच घटक घ्यायचे आणि प्रश्नातली एकेक वस्तुस्थिती त्या त्या घटकाखाली बसवायची. निर्णयाच्या गुणवत्तेवर आव्हान असेल तर त्याच न्यायालयाचा २०१९ चा ‘वाविलोव्ह’ खटला: निर्णय वाजवी आहे का, ही कसोटी गृहीत धरून सुरुवात, आणि अपवाद लागू होतो असं म्हणायचं तर कोणता ते नाव घेऊन. नोट्स चाळण्यात वेळ जातो, तेव्हा दोन पानांची अनुक्रमणिका ही खरी वही. ती तुमचीच युक्ती.

आणि नागरिकत्व नाही म्हणून हातपाय गाळणाऱ्याला तुम्ही ‘अँड्र्यूज’ खटला वाचायला देता. वकिलीसाठी नागरिकत्वाची अट कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये याच खटल्यात रद्द केली. अभ्यासक्रमातला खटला आणि धीर, एकाच कागदात!

परीक्षा चालू असताना पोटापाण्याचं काय? लॉ क्लार्कचं, म्हणजे वकिलाच्या हाताखालच्या साहाय्यकाचं, काम कमीपणाचं समजणाऱ्यांची तुम्ही चांगली हजेरी घेतलीत, ते बरंच झालं. घरखरेदीच्या फायलींत आपल्याकडचा सर्च रिपोर्टचा (जमिनीच्या मालकीचे जुने कागद तपासण्याचा) सराव थेट कामी येतो, फक्त एक गोष्ट पक्की करून. सातबारा हा महसुली अभिलेख, मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे. इथल्या लँड टायटल्स या मालमत्ता-नोंदणीच्या पद्धतीत मात्र नोंदवही स्वतःच मालकीची हमी देते. त्यामुळे मालकीची तीस वर्षांची साखळी जुळवत बसायचं नाही. मालमत्तेचा नऊ आकडी ओळख क्रमांक (पिन) टाकून पार्सल रजिस्टर, म्हणजे तिचा नोंदणी-उतारा, काढायचं, गहाण आणि बोजे बघायचे, मग विक्रेता आणि खरेदीदार यांच्यात मालमत्ता कर व्यवहाराच्या तारखेनुसार वाटून हिशेबपत्रक करायचं. तारीख एका दिवसाने सरकली की सगळे आकडे नव्याने.

बायोडेटावर ‘वकील’ लिहू नका, हे तुम्ही किती जणांना सांगितलं असेल! लॉ सोसायटीचा, म्हणजे ओंटारियोत वकिलांना परवाने देणाऱ्या संस्थेचा, परवाना नसताना तसं मिरवणं इथे गुन्हा ठरू शकतो. ‘भारतात अ‍ॅडव्होकेट, ओंटारियोत परवाना नाही’ हे तुमचं वाक्य आम्ही जसंच्या तसं वापरतो. ओळखीतल्यांचे व्हिसाचे फॉर्म पैसे घेऊन भरू नका, हेही त्यातलंच. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याचं कलम ९१ परवान्याशिवाय असं करू देत नाही, मग तो आतेभाऊ का असेना.

आर्टिकलिंगच्या, म्हणजे परवान्याआधी वकिलाकडे करायच्या उमेदवारीच्या, सवलतीबद्दल मात्र खास आभार. कॉमन लॉच्या (भारतासारखी इंग्लिश परंपरेची कायदेपद्धती असलेल्या) देशात किमान दहा महिने वकिली केली असेल तर लॉ सोसायटीकडे सूट मागता येते, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. त्यासाठी सिनियरच्या पत्रातल्या ‘मेहनती आणि प्रामाणिक’ छापाच्या दोन ओळींनी भागत नाही. मसुदे, अशिलाशी बोलणं, संशोधन, कोर्टातली बाजू, फायलींची व्यवस्था: प्रत्येक कामाचं ठोस वर्णन आणि तारखा हव्यात. सिनियर हयात आणि संपर्कात असतानाच ते पत्र घेऊन ठेवा, असं तुम्ही मुंबई-पुण्यातल्या मुलांना आधीच कळवता. यंदा येणाऱ्या तिघांनी ते घेतलंय.

आपले,
ओंटारियोतले एलएलबीवाले