मंत्रिमहोदय, हे पत्रक पोटमाळ्यावर चढून वाचून दाखवा

सन्माननीय मंत्रिमहोदय, स. न. वि. वि.

कामाच्या ठिकाणच्या उष्णतेबाबत उन्हाळ्याआधी नियमावली येईल, असा शब्द मिळाला होता. आलं ते पत्रक. भरपूर पाणी प्या, सैल सुती कपडे घाला, दुपारी १२ ते ४ उन्हात जाऊ नका. आभारी आहोत. आता धारावीच्या तेरा कंपाऊंडमध्ये किंवा साकीनाक्याच्या गाळ्यात जो माणूस उन्हात जातच नाही, पत्र्याखाली बसून शिजतो, त्याने काय करायचं तेवढं सांगा.

किनारपट्टीवर पारा ३७ अंशांवर आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वर गेल्याशिवाय हवामान खातं उष्णतेची लाट म्हणत नाही. पण ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रता एवढ्यावरच ओल्या फडक्याचा तापमापक, म्हणजे घाम कितपत वाळेल ते सांगणारा, २९ अंश ओलांडतो. घाम येतो, वाळत नाही, आणि वाळला नाही तर अंग निवत नाही. त्यात चार इस्त्र्या, दहा शिलाई मशिनी, डोक्यावर हातभर अंतरावर तापलेला पत्रा. वेधशाळेचा तापमापक सांताक्रूझला सावलीत, हवेशीर पेटीत असतो. त्याला हे कसं कळणार?

म्हणून गाळ्यात मोजा. कोरड्या-ओल्या फडक्याचा जोडतापमापक काही महाग नसतो. मात्र तो दारापाशी टांगू नका. पोटमाळ्यावर, बसलेल्या कारागिराच्या डोक्याच्या उंचीला, दुपारी तीन वाजता लावा. फडकं डिस्टिल्ड पाण्यात बुडवा. नळाच्या पाण्याने त्यावर क्षार धरला की पारा उगाच वर दिसतो आणि शेठ म्हणतो, यंत्रच खोटं आहे.

मग उपाय. कुणीतरी कूलर वाटायची कल्पना काढेलच. विदर्भात तो चालतो, मुंबईत नाही. दमट हवेत आणखी पाणी सोडलं तर ओलावाच वाढतो. इथे हवा बाहेर काढावी लागते. १५ बाय २० फुटांचा, १० फूट उंचीचा गाळा म्हणजे ३००० घनफूट. तासाला ३० वेळा हवा बदलायची तर पंख्याने मिनिटाला १५०० घनफूट ओढली पाहिजे. स्वयंपाकघरातला ९ इंची पंखा त्याच्या फार तर एक तृतीयांश ओढतो. बरं, मोठा बसवला तरी तो खिडकीला लागून बसवतात. खिडकीतून आलेली हवा तशीच परत बाहेर, पोटमाळा जिथल्या तिथे. पंखा छताजवळ हवा, हवा आत यायची जाळी समोरच्या भिंतीत खाली हवी, आणि ती मालाच्या गठ्ठ्यांनी बुजलेली नको.

पत्र्याला पांढरा लेप द्या, पण आधी गंज आणि शेवाळ खरवडून. नुसता चुना एका पावसाळ्यात धुऊन जातो, तेव्हा दर उन्हाळ्याआधी हात मारायचा. आतून थर्माकोल ठोकायची युक्ती सर्रास दिसते. एक ठिणगी पुरते.

आणि 'भरपूर पाणी'! उष्ण जागी दर १५-२० मिनिटांनी पेलाभर पाणी लागतं. आठ तासांचे सहा लिटर धरा. १२ माणसांचे ७२, म्हणजे जवळजवळ चार जार. गाळ्यात येतो एक. बायका तोही पीत नाहीत, कारण गाळ्यात संडास नाही आणि गल्लीतल्या शौचालयाला रांग. पत्रक छापणाऱ्याला हे माहीत नसेल तर नवल नाही. मंत्रालयात संडास आहेत.

विश्रांतीचंही तेच. पीसवर काम करणाऱ्याला दहा मिनिटं बसणं म्हणजे तेवढे पैसे बुडणं. भरपगारी विश्रांती लिहून दिलीत तरच तो बसेल. गावाहून आलेल्या नव्या माणसाला पहिल्या दिवशी एक पंचमांशच काम द्यायचं आणि रोज तेवढंच वाढवायचं, ही जगभर मान्य असलेली पद्धत. आपल्याकडे स्टेशनवरून थेट भट्टीसमोर.

पण नियम लावणार कुणाला? १९४८ च्या कारखाने कायद्यात विजेवर चालणाऱ्या जागी १० कामगार असले की कारखाना धरत. कामाच्या ठिकाणची सुरक्षा आणि आरोग्य यांबाबतच्या २०२० च्या संहितेने ते २० केले. १२ जणांचा गाळा कारखाना म्हणून सुटला. निरीक्षकाचा 'निरीक्षक-सह-सुविधाकार' झाला. सुविधा कुणाची, हे सांगायला नको. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०१९ चा अंदाज आहे की २०३० मध्ये भारतात उष्णतेमुळे ३ कोटी ४० लाख नोकऱ्यांइतकं काम बुडेल. गुंतवणुकीच्या जाहिरातीत हा आकडाही छापा. खारघरला १६ एप्रिल २०२३ रोजी सरकारी कार्यक्रमात माणसं उन्हाने गेली, तेव्हाही तुमच्याकडे पत्रकं होतीच.

कायदा बदलायला वेळ लागतो म्हणाल. मान्य. पण तुमच्याच रस्त्यांच्या आणि मेट्रोच्या निविदा आहेत. त्यात सावली, बर्फाचं पाणी, संडास आणि भरपगारी विश्रांती यांचा दर स्वतंत्र ओळीत धरा, म्हणजे ठेकेदाराला तो गाळून बोली कमी करता येणार नाही. त्यासाठी विधिमंडळात जावं लागत नाही.

आपले,
गाळ्यांमधल्या वायुवीजनाचं काम करणारे काही तंत्रज्ञ
कुर्ला, मुंबई