फळाला फवारणी, मग मजुराला काय?

संपादक साहेब, नमस्कार.

जालना जिल्ह्यात अंबड, घनसावंगीकडं एप्रिल-मेमधे मोसंबीच्या बागा बघा, झाडाच्या पश्चिमेच्या अंगाची फळं उन्हानं भाजून पिवळे-तपकिरी चट्टे पडायलेत, आतली फोड कोरडी, व्यापारी ते फळ सरळ बाजूला काढतो. शेतकरी फळाला ऊन लागू नये म्हणून केओलीन (पांढऱ्या मातीची भुकटी) फवारायलेत, खोडाला बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावायलेत, डाळिंबावर नेट टाकायलेत, चांगलंच आहे. पण त्याच बागेत भर दुपारी खुरपणाऱ्या बायांच्या मानेची साल निघायलीय, तिकडं कोण बघणार? काम पहाटे सुरू करून अकराला थांबवा, प्यायला पाणी अन् सावली द्या, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट अन् कान-मान झाकंल असा रुमाल मालकानंच द्यावा. रोजगार हमीच्या (रोहयो) कामांवरही उन्हाळ्यात हीच वेळ लावा.

– एक बागायतदार, ता. अंबड