काकू, पेटी पोचली

आदरणीय काकूंना, साष्टांग नमस्कार.

पेटी पोचली. इचलकरंजीत कुरिअरवाल्याने ती ओट्यावर ठेवली तेव्हा आईला वाटलं, तुम्ही पितळेची भांडी पाठवलीत, इतकी जड. उघडली तर अकरा एलपी रेकॉर्डी, मिरजेच्या जुन्या पंचांत गुंडाळलेल्या. एकही तडकलेली नाही. ‘फेथ’च्या कव्हरचा कोपरा मात्र दुमडलाय. तो आधीपासूनच तसा होता, मला आठवतंय.

हे पत्र तुम्हाला एकटीला पाठवता आलं असतं. पण गेली काही वर्षं कॉलेजातली पोरं मला विचारतात, “सर, गॉथिक रॉक, ते काळोखं, उदास रॉक संगीत ऐकायचंय, कुठल्या अल्बमपासून सुरुवात करू?” मी ऐटीत उत्तर देतो आणि त्यातला शब्द न् शब्द तुमचा असतो. दुसऱ्याची चीज आपली म्हणून गाणाऱ्याला काय म्हणतात, ते मिरजेच्या माणसाला मी काय सांगणार? म्हणून आज चारचौघांत आभार मानतो.

२००५च्या सप्टेंबरात मी टेक्स्टाइलचं शिकायला इंग्लंडात लीड्सला आलो आणि तुमच्या घराच्या माळ्यावरची खोली घेतली. डिसेंबरात तिथे दुपारी चारच्या आत अंधार पडतो, हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. फेब्रुवारीत बाबांचा फोन आला, आठही माग विकले. त्यानंतर मी वर्गात जाणं सोडलं. दोन महिन्यांचं भाडं थकलं. घरून, मित्रांकडून, सगळीकडून एकच ऐकू यायचं, पॉझिटिव्ह राहा. तुम्ही चहाचा कप घेऊन जिना चढून आलात, पडदा बाजूला करायच्या फंदात पडला नाहीत, आणि म्हणालात, “भाड्याचं बघू नंतर. रविवारी रात्री साडेआठला खाली यायचं. रेकॉर्डची एक बाजू ऐकायची. बाजू संपेस्तोवर बोलायचं नाही.”

मला वाटलं, भक्तिगीतं असतील.

त्या रेकॉर्डी तुमच्या नव्हत्याच मुळी. १९८० साली माळ्यावर राहायला आलेली, काळ्या ओठांची, चित्रकला शिकणारी ती मुलगी. पुढे ती गेली, पेटी ‘नंतर नेते’ म्हणून ठेवून गेली, आणि परत आलीच नाही. तुम्ही धूळ पुसता पुसता एक लावून बघितली, मग दुसरी. मिरजेत तंबोऱ्यांच्या दुकानांशेजारी लहानाची मोठी झालेली नर्स, रात्रपाळी करून आल्यावर सकाळी सात वाजता बाउहाउस हा गॉथिक बँड ऐकतेय, हे चित्र अजूनही माझ्या डोळ्यांपुढे नीट उभं राहत नाही.

पहिल्या रविवारी तुम्ही जी लावलीत, ती गॉथिक रॉक हे नाव रूढ व्हायच्या कितीतरी आधीची. निको या गायिकेचा १९६८चा ‘द मार्बल इंडेक्स’. जेमतेम अर्ध्या तासाचा अल्बम. जॉन केल या संगीतकाराने भोवती व्हायोला आणि काय काय रचलंय, पण मधोमध बाईचा जाड, थंड आवाज आणि हार्मोनियम. मी चमकून तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही ओठांवर बोट ठेवलंत. बाजू संपल्यावर म्हणालात, “पेटी आहे. आपली पेटी. पण साथीला नाही घेतलेली बाईने, तंबोऱ्यासारखी धरलीय. सूर सोडतच नाही.” पुढे कित्येक समीक्षकांनी या अल्बमला गॉथिकची आजी ठरवलं. मी त्यांचं वाचलं, तेव्हा मला तुमचंच वाक्य लांबवून लिहिल्यासारखं वाटलं. तासन्‌तास एकाच सुरावर थांबायची सवय असलेल्या कानांना हे संगीत परकं नाही. मला पोरांना हे समजावताना आजही पेटीच आठवते. (आणि आता पेटी म्हटलं की ही, कुरिअरने आलेली.)

मग जॉय डिव्हिजन हा बँड. ‘अननोन प्लेझर्स’, जून १९७९. मँचेस्टरच्या बाजूची चार पोरं, आणि स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत बसलेला मार्टिन हॅनेट हा विक्षिप्त निर्माता. ड्रम त्याने इतका सुटा आणि कोरडा काढला की रिकाम्या गोदामात कुणी एकटाच काम करतोय असं वाटावं. मध्येच काच फुटल्याचा आवाज. पीटर हूक बेस वरच्या पट्टीत वाजवतो, कारण म्हणे त्याच्या भिकार अ‍ॅम्प्लिफायरमधून खालचे सूर त्यालाच ऐकू यायचे नाहीत. त्यामुळे बेसने चाल धरली आणि गिटार मागे सरली. पुढच्या दहा वर्षांतल्या काळे कपडेवाल्या बँडांपैकी निम्म्यांनी ही गरज रीत म्हणून उचलली. कव्हरवरच्या त्या पांढऱ्या लाटा आता टी-शर्टवर इचलकरंजीच्या बाजारातही मिळतात, घालणाऱ्याला ते डोंगर वाटतात. त्या १९६७ साली सापडलेल्या पहिल्या पल्सारच्या, म्हणजे ठरावीक ठेक्यात ठोके देणाऱ्या ताऱ्याच्या रेडिओलहरी आहेत. नारायणगावजवळच्या खोडदला तीस प्रचंड अँटेना असलेली दुर्बीण अशाच ताऱ्यांचा माग काढते. मागे एका सहलीत तिथे उभा राहून मी मनात तोच बेस वाजवत होतो.

‘क्लोजर’ तुम्ही मला त्या हिवाळ्यात लावून दिली नाहीत. तो अल्बम जुलै १९८०मध्ये आला, त्यांचा गायक इयन कर्टिस याने मे महिन्यात जीव दिल्यावर. कव्हरवर जिनोआच्या दफनभूमीतलं थडगं. मी हात घातला तर तुम्ही ती पेटीत तळाशी सरकवलीत, “ही उन्हाळ्यात.” औषधाची मात्रा ठरवावी तसं तुम्ही ठरवत होता. हे मला फार उशिरा कळलं.

आता ‘जूजू’. सूझी अँड द बॅन्शीज, जून १९८१. गॉथिक रॉक म्हणजे काय, हे एकाच अल्बमवरून सांगायचं झालं तर मी हाच हातात देतो. जॉन मॅक्गॉखची गिटार ऐका, ती कधी कोळ्यासारखी भिंतीवरून पळते, कधी काच ओरखडते. द स्मिथ्सच्या जॉनी मारसारखा गिटारवादकही त्याचं ऋण मानतो. बजीचा हात झांजांपेक्षा टॉम म्हणतात त्या जाड ढोलांवर जास्त फिरतो, म्हणून ते सगळं आदिम वाटतं. पण हे मी नंतर शिकलो. त्या रविवारी पहिल्या नाही, दुसऱ्या बाजूवरचं ‘नाइट शिफ्ट’ वाजलं आणि तुम्ही तुमचाच नियम मोडलात. बाजू चालू असताना बोललात.

यॉर्कशरमध्ये १९७५ ते १९८० या काळात एक माणूस बायका मारत फिरत होता. तेरा जणींचा जीव घेतला त्याने. पोलिसांचा सल्ला काय, तर बायकांनी रात्री घराबाहेर पडू नये. १९७७च्या नोव्हेंबरात लीड्सच्या बायका त्याविरुद्ध रात्रीच मोर्चा घेऊन निघाल्या. तुम्ही मोर्चात नव्हता, तुमची ड्यूटी होती. “वॉर्डातल्या पेशंटांना कोण सांगणार, आज नर्स घरी बसलीय म्हणून?” १७ नोव्हेंबर १९८०ला लीड्सच्याच हेडिंग्ले भागात बसमधून उतरून खोलीवर चाललेली एक विद्यार्थिनी मारली गेली. त्यानंतर माळ्यावरची ती मुलगी रोज रात्री तुम्हाला स्टॉपवर सोडायला यायची. पण परत येताना ती एकटी पडणार, म्हणून शेजारच्या आयरिश बाईंना घ्यायचं. तिघी जायच्या, दोघी यायच्या. जानेवारीत तो माणूस पकडला गेला, आणि जूनमध्ये ती मुलगी ही रेकॉर्ड घेऊन आली. त्या माणसावरचं गाणं आहे ते. तुम्ही म्हणालात, “मला राग आला होता आधी. मग लक्षात आलं, गातेय बाई. ती घाबरलेली नाही.”

त्या रात्री मी पहिल्यांदा तुमच्या स्वयंपाकघरात पोटभर जेवलो. पिठलं होतं.

बाउहाउसवरून आपलं कधीच जमलं नाही. २६ जानेवारी १९७९ला वेलिंगबरोच्या एका लहानशा स्टुडिओत या चौघांनी ‘बेला लुगोसीज डेड’ एका दमात वाजवलं, साडेनऊ मिनिटांचं, जमैकाच्या डब संगीतासारखे प्रतिध्वनी सोडत सोडत. सगळ्या प्रकाराची वात तिथे पेटली असं म्हणतात. पण ते सुटं गाणं होतं. पहिला अल्बम ‘इन द फ्लॅट फील्ड’ १९८०च्या नोव्हेंबरात आला, त्यात ते घातलंच नाही, आणि तेव्हाच्या समीक्षकांनी तो झोडपला. तुमचं मत, “नाटकी आहेत.” आहेतच की! बालगंधर्वांवर जीव टाकणाऱ्या बाईने हे म्हणावं?

द क्युअर या बँडच्या बाबतीत मात्र तुम्ही जिंकलात. ‘फेथ’, एप्रिल १९८१. कव्हरवर राखाडी धुक्यात काहीतरी अवशेष. तुम्ही विचारलंत, “हे कुठलंय माहितीये? इथलंच.” मार्चमधल्या एका शनिवारी तुम्ही मला इल्कलीपर्यंत रेल्वेने आणि पुढे टॅक्सीने बोल्टन अ‍ॅबीला नेलंत. बाराव्या शतकातला मठ, आठव्या हेन्रीच्या काळात बंद पाडलेला. अर्धा पडलाय आणि उरलेल्या अर्ध्यात अजून प्रार्थना होते. आपल्याला गॉथिक म्हटलं की मुंबईचं सीएसएमटी आठवतं, पण त्या कमानींतून आकाश दिसत नाही. आणि नेमकं त्या दिवशी लख्ख ऊन! धुक्याचा मागमूस नाही. तुम्ही एवढ्या चिडलात की वॉर्फ नदीतल्या दगडांवरून चालताना हवामानखात्याला मिरजेच्या भाषेत शिव्या दिल्यात. मी हसलो. किती आठवड्यांनी, ते तुम्ही मोजलं असेल, मी नाही.

परतल्यावर त्यांचा १९८२चा अल्बम लावलात. ‘पोर्नोग्राफी’ हे नाव वाचून मी मान खाली घातली होती, काकूंसमोर काय बोलायचं! तुम्ही शांतपणे सुई ठेवलीत. त्यात काही चावट नाही, नुसता तळ आहे, तळाला गेलेल्या तिघांनी वाजवलेला. ड्रम दाराला धडका मारल्यासारखा. तो संपल्यावर तुम्ही विचारलंत, “यानंतर याच बँडने काय केलं, ठाऊक आहे? नाचायची गाणी.” आणि १९८९चा ‘डिसइंटिग्रेशन’ मला वर न्यायला दिलात. त्यात तेच दुःख आहे, पण ऐसपैस बसलेलं.

शेवटी लीड्सची आपली पोरं, द सिस्टर्स ऑफ मर्सी. अँड्र्यू एल्ड्रिच म्हणे लीड्सला चिनी शिकायला आला आणि बँड काढून बसला. ‘आम्ही गॉथिक नाहीच’ असं तो सतत सांगतो. आपल्याकडे ‘मी राजकारणात नाही’ म्हणणारे असतात, त्यातलाच हा. त्यांच्याकडे ड्रमवाला माणूसच नाही. एक यंत्र आहे, त्याला डॉक्टर अ‍ॅव्हलांच असं नाव दिलंय. १९८५चा ‘फर्स्ट अँड लास्ट अँड ऑलवेज’ सुरू झाला आणि मला रडू फुटलं. तुम्ही घाबरलात. कारण विचारलंत तर मला नीट सांगता आलं नाही. आता सांगतो. माझा जन्म मागांच्या शेडला लागून असलेल्या घरात झाला. धोटा इकडून तिकडे जातो त्याचा खटका, रात्रंदिवस, एकसारखा, न दमणारा. तो थांबला की आम्हा पोरांना जाग यायची. बाबांचे माग गेले तेव्हा घरात काय झालं असेल, हे मला फोनवर कळलं नव्हतं. त्या यंत्राच्या तालावर कळलं. घर शांत झालं असणार.

तुम्ही सुई उचलली नाहीत. पुढचं गाणं लागू दिलंत. यासाठी मुख्यतः हे पत्र.

१९८७च्या ‘फ्लडलँड’वरून आपण मग चार महिने भांडलो. ‘धिस करोजन’मधला चाळीस आवाजांचा तो कोरस तुम्हाला संगीत नाटकाच्या नांदीसारखा वाटायचा. मला तो अजूनही जरा जास्तच वाटतो. पण पोरांना आधी तोच ऐकवतो, हे कबूल करतो.

मी जूनमध्ये प्रबंध दिला, डिग्री सप्टेंबरात नीट झाली. थकलेलं भाडं तुम्ही शेवटपर्यंत घेतलं नाहीत, “पेटीला कान मिळाला” एवढंच म्हणालात. आता तुम्ही घर विकून बहिणीजवळ राहायला चाललात, म्हणून पेटी माझ्याकडे. मी ती सांभाळीन. ती काळ्या ओठांची मुलगी कधी शोधत आलीच, तर पत्ता द्या. मी स्वतः पोचवीन.

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. ‘जूजू’च्या आतल्या कागदावर पेन्सिलीने तीन उभ्या रेघा आहेत आणि त्यांतल्या दोनच खोडल्यात. त्या कुणाच्या? आणि १ नोव्हेंबर २०२४ला क्युअरचा नवा अल्बम आला, सोळा वर्षांनी, तो ऐकलात का? मी अजून नाही ऐकला. कोल्हापूरहून नवी सुई मागवलीय, ती आली की रविवारी साडेआठला लावतो. तुमच्याकडे तेव्हा दुपार असेल. फोन उचलून ठेवा. बोलायचं नाही, बाजू संपेस्तोवर.

तुमचा,
माळ्यावरचा