मन्याला पत्र: समुद्राच्या गाळातला मान्सून

इंदूर

प्रिय मन्या,

दिवसभर मायक्रोस्कोपला डोळे लावून करतोस काय असं तू विचारलंस, ते फोनवर धड सांगता आलं नाही म्हणून लिहितोय. अरे, फोरॅमिनिफेरा (आम्ही थोडक्यात फोरॅम म्हणतो) म्हणून समुद्रात एकपेशीय जीव असतात, त्यांची कवचं चुन्याची, बहुतेक राजगिऱ्याच्या दाण्याहूनही बारीक, जीव मेले की ती तळाच्या गाळात थरावर थर साचतात. तो गाळ ६३ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चाळणीवर धुवायचा, वाळवायचा आणि ओल्या ब्रशनं एकेक कवच टिपायचं. मान धरते, पण उठवत नाही.

खरी गोष्ट ऑक्सिजनची आहे, त्याचे अणू मुख्यतः दोन वजनांचे, हलका १६ आणि जड १८. हलक्या ऑक्सिजन-१६ चं पाणी लवकर वाफ होतं, हिमयुगात त्याचा बर्फ होऊन जमिनीवर अडकला की समुद्रात जड ऑक्सिजन-१८ चं प्रमाण वाढतं आणि तेच कवचात उतरतं. पण नुसतं पाणी गार झालं तरी कवचात १८ वाढतोच! मग गारठा किती आणि बर्फ किती? एमिलियानी या शास्त्रज्ञानं १९५५ मधे हिमयुग आणि उबदार काळातल्या कवचांमधला बराचसा फरक तापमानाचा धरला. शॅकलटन या दुसऱ्या शास्त्रज्ञानं १९६७ मधे तळाशी राहणाऱ्या फोरॅमकडे बोट दाखवलं, तिथलं पाणी आधीच गोठायच्या बेतात, आणखी गार होऊन होऊन किती होणार, तरी फरक जवळपास तेवढाच, म्हंजे मुख्य हिशोब बर्फाचा. इतका सरळ विचार! वाचून मला झोप नाही लागली. पुढे १९७६ मधे हेज, इम्ब्री आणि शॅकलटननी दक्षिण हिंदी महासागरातल्या गाळावरून दाखवलं की हिमयुगं पृथ्वीच्या कक्षेच्या आणि अक्षाच्या कलण्याच्या तालावर येतात-जातात.

आपल्यासाठी तर ग्लोबिजेरिना बुलॉइडिस ही फोरॅमची जात महत्त्वाची. नैऋत्य मान्सूनचे वारे जोरात वाहिले की ओमानजवळ खालचं गार, पोषक पाणी वर येतं आणि ती भराभर वाढते, म्हणून थराथरात तिचं प्रमाण मोजलं की हजारो वर्षांपूर्वीच्या मान्सूनच्या वाऱ्यांचा अंदाज येतो. माळव्यातलं सोयाबीन याच मान्सूनवर उभं आहे रे!

उत्क्रांतीचं तर काय सांगू, गाळ सलग असला की जाती बदलताना थरोथर दिसतात. ६.६ कोटी वर्षांपूर्वी डायनासोर गेले तेव्हा तरंगणारे फोरॅमही जवळपास सगळे संपले, मोजक्या बारक्या जाती तगल्या. इंदूरखालचा काळा पाषाण साधारण त्याच काळातला लाव्हा आहे.

पुढच्या महिन्यात धार जिल्ह्यात बाग नावाच्या गावी जातोय, तिथल्या चुनखडीत सी अर्चिन (काटेरी गोल समुद्री प्राणी) आणि शिंपले यांचे जीवाश्म मिळतात, ९ कोटी वर्षांपूर्वी नर्मदेच्या खोऱ्यात समुद्र शिरला होता त्यातले. तूही चल, जाड बूट आण. काकूंना नमस्कार.

तुझा,
सुहास