नौसिकाची ओळख करुणेपुरती नको

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पर्यावरणविषयक चित्रपटांची चर्चा निघाली की जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांच्या १९८४ सालच्या 'नौसिका ऑफ द व्हॅली ऑफ द विंड' या ॲनिमेशनपटाच्या नायिकेचे नाव हमखास घेतले जाते. मात्र महाकाय किड्यांवर माया करणारी आणि जिवावर उदार होऊन संहार थांबवणारी राजकन्या, एवढ्यावरच तिची ओळख आटोपते. ही नायिका चाळीस वर्षांनंतरही जुनी वाटत नाही, याचे श्रेय मी तिच्या करुणेपेक्षा तिच्या चौकसपणाला अधिक देईन.

औद्योगिक संस्कृती जळून गेल्यानंतर हजार वर्षांनी विषारी बुरशीचे अरण्य पसरत चालले आहे आणि मुखवट्याशिवाय तेथे माणूस तग धरत नाही. आक्रमक तोल्मेकिया राज्याची सेनानी कुशाना हिला त्यावर एकच उपाय दिसतो: अरण्य जाळून टाकायचे. नौसिका त्याच अरण्यातले बीजाणू गोळा करते, किल्ल्याच्या तळघरात खोलवरून उपसलेले पाणी व स्वच्छ माती देऊन ते वाढवते, आणि तिला आढळते की अशा मातीत ती झाडे विषारी होतच नाहीत. विष जमिनीत आहे आणि ते माणसाने कालवलेले आहे. अरण्य ते शोषून घेत आहे. कारणाचा इतका सरळ शोध घेणारी नायिका बोधप्रद चित्रपटांत (जे एरवी अश्रूंवरच भागवतात) क्वचितच भेटते.

या कथेमागे जपानमधील मिनामाता उपसागराच्या प्रदूषणाची प्रेरणा होती. तेथे चिस्सो कंपनीच्या रासायनिक कारखान्याने १९३२ ते १९६८ या काळात पारायुक्त सांडपाणी समुद्रात सोडले. १९५६ मध्ये त्यातून उद्भवलेल्या आजाराची अधिकृत नोंद झाली तेव्हा प्रथम संशय संसर्गाचा आला आणि रुग्णांनाच वेगळे ठेवले गेले. सांडपाणी मात्र पुढे बारा वर्षे वाहत राहिले. विषाने ग्रासलेल्यालाच विषाचे मूळ समजण्याची ही चूक चित्रपटातील राज्येही करतात.

चित्रपटाचा शेवट मात्र मला कच्चा वाटतो. नायिका मरून पुन्हा जिवंत होते, तारणहार येईल हे जुने भाकीत खरे ठरते आणि तिने कष्टाने मिळवलेले ज्ञान चमत्काराच्या आड जाते. मियाझाकींनी १९८२ ते १९९४ या काळात रेखाटलेल्या मूळ मांगामध्ये (जपानी चित्रकथेमध्ये) ही उणीव भरून निघते. तेथे कळते की ते अरण्यही शुद्धीकरणासाठी प्राचीन माणसांनीच निर्माण केले होते, आणि विषारी हवेला जुळवून घेतलेली आजची माणसे शुद्ध हवेत जगू शकणार नाहीत. जगाचे भवितव्य आधीच आखून ठेवणारी ती योजना नौसिका धुडकावते. सूर्यप्रकाश अडवून पृथ्वी थंड करण्याचे प्रस्ताव आज गांभीर्याने मांडले जात असताना तिचा हा नकार अधिक चर्चेला पात्र आहे. आपल्या चित्रपटविषयक पुरवणीत या नायिकेवर लेखन होईल तेव्हा मांगाच्या या उत्तरार्धाचाही परामर्श घेतला जावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक